आगळाच्या कॅनचा कोपरा

"गो बाय, तुझ्या कॅनचो कोपरो बघ. अंगठ्यान दाबलंय तर आत जाता. घाट चढूच्या आधीच चार फुटले."

वेंगुर्ल्याच्या काकींनी रिकामा कॅन माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मे महिना अर्धा सरला होता. कोकमाचा हंगाम म्हणजे त्यांच्या बचत गटाची वर्षाची कमाई. फळं फोडायची, मीठ लावायचं, रस सुटला की गाळून आगळ भरायचं आणि पाऊस लागायच्या आत माल आंबोलीमार्गे बेळगावला नाहीतर फोंडा घाटातून कोल्हापूरला रवाना करायचा. हे आगळ भरायचा पाच लिटरचा कॅन कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा युनिटमध्ये बनला होता. ड्रॉइंग माझं. टेम्पोत खालच्या थरातले चार कॅन तळाच्या कोपऱ्यात चिरले आणि वीस लिटर आगळ ताडपत्रीवर सांडलं. नुकसानीचे पैसे आम्ही भरून दिले, पण काकी एका शब्दानेही रागावल्या नाहीत याचंच मला जास्त लागलं.

पुण्यात आठ वर्षं मी इंजेक्शन मोल्डिंगचे पार्ट डिझाइन केले. तिथे साच्याचे दोन भाग असतात, बाहेरचा आणि आतला, आणि त्यांच्यामधल्या फटीत माल भरतो. फट दोन मिलिमीटरची ठेवली की भिंत दोन मिलिमीटरची मिळते. कुडाळला परतून ब्लो मोल्डिंगचा पहिला कॅन काढला तेव्हा हात त्याच सवयीचा होता. पायाचं माप १९० बाय १३० मिमी, उभ्या कडांना ६ मिमीचा रेडियस, तळाला तेवढाच, चारही बाजू सपाट. खोक्यात नीट बसणारा, दिसायला सुबक डबा झाला.

ब्लो मोल्डिंगमध्ये आतला साचा नसतोच. डायमधून, म्हणजे मशीनच्या गोल तोंडातून, वितळलेल्या एचडीपीई प्लास्टिकची पोकळ नळी खाली लोंबत येते, तिला पॅरिसन म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंनी साचा मिटतो, नळीचा तळ चिमटून बंद होतो, वरून सहा बारच्या आसपास हवा आत जाते आणि नळी फुगून साच्याला चिकटते. बाहेरचा आकार साचा देतो. भिंत किती जाडीची राहणार, हे मात्र नळीचा कुठला भाग किती ताणला गेला त्यावर ठरतं. घावणा घालताना बघा, पीठ तव्याला जिथे पहिल्यांदा लागतं तिथेच बसतं, आणि उरलेलं आपण कडेकडेने पसरवत नेतो तसं ते पातळ होत जातं. तव्यावर पीठ गरम लागून बसतं, साच्यात माल गार लागून बसतो, एवढाच फरक. पॅरिसन आधी सपाट बाजूंच्या मध्यावर टेकतो आणि तिथला माल जागच्या जागी घट्ट होतो. कोपऱ्यापर्यंत पोचायचं काम मधल्या उरलेल्या मालावर पडतं, आणि तो ताणून ताणून पापुद्रा होतो.

हे सगळं पुस्तकात होतं आणि मी वाचलंही होतं. पण वाचून हाताला कळलेलं नव्हतं.

काकी गेल्या तशी मी हॅकसॉ घेऊन बसले. कॅन आधी उभा कापला, मग तळापासून दर चार सेंटिमीटरवर आडव्या पट्ट्या काढल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोपऱ्याची जाडी साध्या व्हर्नियरने मोजू नये. त्याचे सपाट जबडे आतल्या गोलाईत बसत नाहीत आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गोल टोकाचा मायक्रोमीटर लागतो. आमच्याकडे तो होता, कपाटात, तेलाच्या कागदात गुंडाळलेला. सपाट बाजूचा मध्य १.४ मिमी आला. उभी कड ०.७. तळाच्या मध्यावर, चिमट्याच्या रेषेजवळ, ३.०. आणि तळाचा कोपरा, जिथे तीन बाजू एकत्र येतात, ०.३८. एकाच कॅनमध्ये एका जागी तीन मिलिमीटर आणि तिथून हातभरही लांब नाही अशा दुसऱ्या जागी पोस्टकार्डाएवढी जाडी.

त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. मशीनच्या हेडमधला वितळलेला माल जळू नये म्हणून आमची धावपळ होते, ती उरकून मी अंधारात बसले होते. सहज मोबाईलचा टॉर्च लावून कापलेल्या कॅनच्या अर्ध्या भागात ठेवला. आमचा कॅन बिनरंगाचा, दुधी. सपाट बाजू गढूळ, तळाची रेषा जवळजवळ काळी, आणि चारही कोपरे कंदिलाच्या काचेसारखे लख्ख. मायक्रोमीटरने तास घालवून वहीत लिहिलेले आकडे तिथे एका नजरेत मांडून ठेवले होते. ऑपरेटर दादांना हाक मारून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, माल वाढवूया. पंचवीस ग्रॅम वाढवल्यार कोपरो घट जातलो."

आम्ही वाढवले. हे पाऊल चुकीचं होतं, पण ब्लो मोल्डिंगच्या बहुतेक कारखान्यांत पहिलं पाऊल हेच पडतं, म्हणून त्याचा हिशोब सविस्तर देते. कॅन २०० ग्रॅमचा होता, तो २२५ चा केला. कोपरा ०.३८ वरून ०.४३ वर आला. सपाट बाजू १.४ वरून १.५८ वर गेली. म्हणजे वाढवलेला माल पूर्वीच्याच प्रमाणात वाटला गेला, ज्याच्याकडे होतं त्यालाच जास्त मिळालं. दोन हजार कॅनमागे ५० किलो प्लास्टिकचा दाणा, म्हणजे दोन गोण्या, जास्तीचा. शिवाय तळाची रेषा आणखी जाड झाली. प्लास्टिक थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि साचा उघडायला सगळ्यात जाड जागेची वाट बघावी लागते. एक कॅन काढायची सायकल २२ सेकंदांवरून २६ वर गेली. तरीही तळ साच्याबाहेर आल्यावर फुगायचा, कारण जाड भाग आतून अजून गरम असतो, तो नंतर जास्त आकसतो आणि शेजारच्या पातळ भागाला ओढतो. टेबलावर कॅन ठेवला की डुगडुगायचा.

दोन दिवसांनी मी वजन पुन्हा २०० वर आणलं आणि वही घेऊन बसले.

पॅरिसनचा व्यास ९० मिमी, म्हणजे घेर साधारण २८३. कॅनचा घेर ६३०. भागाकार २.२३. पॅरिसनची भिंत २.४ मिमी होती, म्हणजे सरासरी १.०८ मिमी भिंत मिळायला हवी आणि ती मिळतच होती. माल पुरेसा होता. फक्त वाटणी वाईट होती. मग काटकोनी कोपरा घेतला. फुगा दोन्ही भिंतींना टेकलाय, मधे पाव वर्तुळाची कमान उरलीय. हवा आणखी ढकलते, कमान लहान होते, दोन्ही बाजूंना थोडा थोडा माल भिंतीवर बसून अडकतो आणि उरलेला ताणतो. हा हिशोब शेवटपर्यंत नेला की कोपऱ्याची जाडी शेवटचा रेडियस आणि सुरुवातीचा रेडियस यांच्या गुणोत्तराच्या ०.२७ व्या घाताने कमी होते. सुरुवातीचा रेडियस ६५ धरला, कारण कॅनची अर्धी रुंदी तेवढी आहे. शेवटचा ६ ठेवला तर कोपऱ्यात ५२ टक्के जाडी उरते. १.४ चे ०.७. उभ्या कडेवर मी नेमकं तेच मोजलं होतं. तीन बाजू मिळतात तिथे ताण तिन्हीकडून येतो, म्हणून तिथे परिस्थिती आणखी वाईट. आणि रेडियस २८ केला तर? ८० टक्के.

तो आकडा आल्यावर मी पेन ठेवलं. मशीनवर काहीही न बदलता, एक ग्रॅमही न वाढवता, नुसती कड गोल केल्याने अर्ध्यावरची भिंत पाऊण हिश्शाच्या वर जात होती. कोपरा मीच ड्रॉइंगवर पातळ करून ठेवला होता.

साचा दुरुस्त करायचा तर कोल्हापूरला पाठवायचा. त्याआधी दादांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅम तरी नीट करून बघूया, आणि ते रास्त होतं. आमच्या मशीनवर ३२ पॉइंटचा प्रोग्रॅमर आहे. डायमधला मॅन्ड्रल, म्हणजे मधला दांडा, वरखाली सरकतो, फट कमीजास्त होते आणि नळी लांबीत हवी तिथे जाड, हवी तिथे पातळ निघते. पॅरिसन स्वतःच्या वजनाने ओघळतो, त्यामुळे वरचा भाग, म्हणजे आमच्या कॅनचं हँडल आणि खांदा, आपोआप पातळ होतो. तेवढं प्रोग्रॅममधून सावरून घेतलेलंच होतं. आता तळाच्या मध्याचे पॉइंट खाली आणले आणि तळाच्या कडेचे वर नेले. तळाची रेषा ३.० वरून २.४ झाली, हा मोठा फायदा. पण तळाचा कोपरा ०.४८ च्या पुढे हलेना. कारण प्रोग्रॅमर जाडी वाढवतो ती नळीच्या सगळ्या घेरावर, बांगडीसारखी. त्या उंचीवरच्या कोपऱ्याला माल मिळतो, तसा त्याच उंचीवरच्या सपाट बाजूलाही मिळतो. उंचीतला फरक प्रोग्रॅमने सुटतो, घेरातला सुटत नाही.

घेरातला फरक काढायला डायची रिंग चार ठिकाणी किंचित घासतात, म्हणजे कोपऱ्यांच्या दिशेला नळीच जाड निघते. कोल्हापूरच्या टूलरूममधल्या काकांशी मी यावर फोनवर बोलले. चाळीस वर्षं साचे करणारा माणूस. ते म्हणाले, "घासून देतो की, पण आधी ते खोकं गोल कर पोरी. डाय घासून आकाराची चूक किती दिवस झाकशील? जाड धार जोरात पळती, पातळ मागं ऱ्हाती, नळीला चुण्या पडतील." मी त्यांना २८ चा आकडा सांगितला. ते क्षणभर थांबून म्हणाले, "तळालाही तेवढाच घे. आणि ते नाव एवढं खोल कोरलंयस ते काढ."

नाव म्हणजे बाजूवर उठवलेली अक्षरं. तीन मिलिमीटर खोल, काठ धारदार. प्रत्येक अक्षर म्हणजे एक लहानसा कोपराच, तिथेही माल ताणतोच. बाजू ताठ राहावी म्हणून दिलेल्या दोन अरुंद पन्हळींचंही तेच. इंजेक्शनमध्ये अशी रिब भिंतीला बळ देते. ब्लोमध्ये अरुंद आणि खोल पन्हळ दिली की तिच्या बुडाशी भिंत पातळ होते आणि ती तिथूनच दुमडते. पन्हळ द्यायचीच तर उथळ, पसरट आणि गोल काठांची.

नवं ड्रॉइंग काढायला चार दिवस लागले. उभ्या कडा २८, तळाची कड २८, खांदा आडवा न ठेवता उतरता, सपाट बाजूंना जेमतेम दिसेल न दिसेल एवढा बाक. हा बाक महत्त्वाचा. अगदी सपाट बाजू आकसताना आत खचते आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. गोल केल्याने घेर ६३० चा ५९२ झाला, म्हणजे ताण आणखी कमी. पण आतली जागाही गेली. चार कोपऱ्यांत मिळून जवळजवळ १५० मिली. पाच लिटरचा कॅन पाच लिटरचाच हवा, म्हणून उंची ६ मिमी वाढवली.

साच्याला हात लावायच्या आधी काकींना दाखवायचं ठरवलं, कारण खोक्यात तो त्या भरणार. कागदावरच्या रेषा कोणालाही पटत नाहीत. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारे एक कारागीर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे गेले. ड्रॉइंग बघून त्यांनी आंब्याचा ठोकळा घेतला आणि पटाशीने कडा मारायला लागले. मी प्लायचं गोल गेज कापून नेलं होतं, ते दर वेळी लावून बघायचे आणि जिथे उजेड दिसेल तिथे आणखी एक सालपट काढायचे. दुपारपर्यंत ठोकळा झाला. पॉलिश पेपर मारून माझ्या हातात देताना त्यांनी अंगठा कडेवरून तळापर्यंत फिरवला, कुठे अडतो का ते बघत. माल त्या अंगठ्यासारखा जायला हवा, एवढंच मला वाटत होतं.

काकींनी ठोकळा काखेत धरून बघितला, खोक्यात ठेवून हलवला. "हातात बरो बसता. पण खोक्यात हलता मां?" हलत होता. कोपऱ्यांत पोकळी राहत होती. त्यावर त्यांनीच तोड काढली: पुठ्ठे एकमेकांना छेद देत उभे घालून चार खण. तो खर्च २५ ग्रॅम दाण्याच्या खर्चापेक्षा खूप कमी निघाला.

साचा परत आला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस लागलेला. पहिले दहा कॅन काढले आणि सगळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. काही क्षण पोटात गोळा आला. मग साचा उघडा ठेवून हात फिरवला तर हात ओला. साचा गार ठेवणारं चिलरचं पाणी १० अंशांचं, आणि बाहेर कोकणातली जूनची हवा, जिचा दवबिंदूच २५ अंशांच्या आसपास. गार साच्याला घाम फुटत होता आणि माल त्या थेंबांवर बसत होता. ज्यांची युनिटं घाटावर आहेत त्यांना हे इतकं भोगावं लागत नाही. इथे चार महिने हेच.

उपाय सोपा होता, चिलरचं पाणी २५ वर न्यायचं. जुन्या कॅनला ते परवडलं नसतं, कारण तीन मिलिमीटरचा तळ गार व्हायला आधीच जीव खायचा. नव्या कॅनचा सगळ्यात जाड भाग २.२ वर आला होता. जाडीचा वर्ग धरला तर थंड व्हायचा वेळ जवळजवळ निम्मा. म्हणून पाणी कोमट ठेवूनही सायकल २१ सेकंदांत बसली. भिंत सारखी केल्याचा हा फायदा मी ड्रॉइंग काढताना हिशोबात धरलेलाच नव्हता. आमच्या हवेत तो कदाचित सगळ्यात मोठा आहे.

पहिल्या चांगल्या कॅनला दादांनीच हॅकसॉ लावला. सपाट बाजू १.१५, उभी कड १.०, तळाचे कोपरे ०.८२, ०.८४, ०.८० आणि एक ०.७२. वजन १९५ ग्रॅम. मग पाडून बघितले. आगळ मिठामुळे पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून नुसतं पाणी न भरता मिठाचं पाणी भरलं आणि १.२ मीटरवरून काँक्रीटवर, मुद्दाम कोपऱ्यावर सोडले. जुन्या साच्याच्या सहा कॅनपैकी चार पहिल्याच पडण्यात फाटले. नव्या सहापैकी एकही नाही. तिसऱ्या पडण्यानंतर एकाचा कोपरा आत गेला होता, तो दादांनी दाबून बाहेर काढला आणि कॅन पुन्हा सोडला. मी नको म्हणेपर्यंत सोडत राहिले.

एक शिस्त मात्र पाळावी लागते. फ्लॅश, म्हणजे साच्याच्या कडेला चिमटून उरलेलं प्लास्टिक, दळून पुन्हा वापरतो, त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर पक्कं ठेवलंय. ते कमीजास्त झालं की डायमधून निघताना नळीचं फुगणं बदलतं आणि मग प्रोग्रॅम तोच असूनही भिंत बदलते. दर पाळीला एक कॅन कापायचा आणि चार कोपरे वहीत लिहायचे.

तो ०.७२ चा कोपरा अजून तसाच आहे. हँडलखालचा, मागच्या बाजूचा. पॅरिसन डायमधून निघताना सरळ न येता किंचित वाकतो, म्हणजे रिंग मध्यावर नाही. परवा एका बाजूचा बोल्ट पाव फेरा सैल करून समोरचा आवळला, तर ०.७६ आला आणि शेजारचा ०.८४ चा ०.८० झाला. उद्या हेड पुरतं तापलं की आणखी अर्धा पाव फेरा देऊन बघणार आहे.